वेगळं नाव, पण कशासाठी?

बारसं जवळ आलं की आईबाबांची एकच अट असते: वर्गात त्याच नावाचा दुसरा मुलगा नको. अट रास्त आहे. पण नुसत्या दुर्मीळपणावर निवडलेलं नाव फार काळ दुर्मीळ राहत नाही. काही वर्षांपूर्वी नवीन वाटलेला विहान आज प्रत्येक सोसायटीत सापडतो.

1976 साली सुनील गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व. वेस्ट इंडिजचे रोहन कन्हाय, हैदराबादचे एम. एल. जयसिंहा आणि मेहुणे गुंडाप्पा विश्वनाथ अशी मनापासून आवडणारी तीन माणसं त्यांनी एका नावात आणली. रोहन हे नाव तेव्हा मराठी घरांत क्वचितच ऐकू यायचं, पुढे ते सर्रास झालं. त्या कुटुंबाचं त्यात काहीच गेलं नाही, कारण नावामागची गोष्ट त्यांचीच राहिली. सचिन देव बर्मन यांच्यावरून नाव मिळालेल्या तेंडुलकरांच्या मुलाचंही तसंच. मुलगा मोठा होऊन ‘माझं नाव हे का?’ असं विचारील, तेव्हा सांगायला असं काही हवं. ‘इंटरनेटवरच्या यादीत होतं’ हे उत्तर मला फार तोकडं वाटतं.

आपल्याकडे वेगळ्या नावांमागे एके काळी भीतीही होती. आधीची मुलं दगावली की पुढच्याला धोंडू, दगडू, केरबा म्हणायचे. दृष्ट लागू नये, काळानं याच्याकडे वळूनही पाहू नये, एवढीच त्या आईची आस. आज ही नावं ऐकून हसू नये. धोंडो केशव कर्वे यांना 1958 साली भारतरत्न मिळालं.

पत्रिकेतल्या अक्षराचा हट्ट मात्र जरा सैल सोडावा. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे 108 अक्षरं. त्यात आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. यांवरून नाव काढणार तरी कसं? नावरस नाव पत्रिकेत राहू द्यावं आणि हाक मारायचं नाव मोकळेपणानं निवडावं. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी आणि घोषवर्णानं, म्हणजे घुमणाऱ्या वर्णानं, सुरू होणारं असावं, असं म्हटलं आहे. मला त्यात हाकेचा विचार दिसतो. म्हणून पसंत पडलेलं नाव आजीला मोठ्यानं म्हणायला लावा. तिची जीभ तिथे अडखळत असेल, तर शाळेतल्या बाईंचीही अडखळेल.

शिवाय महाराष्ट्रात मुलाचं नाव त्याच्यापाशीच थांबत नाही, पुढे ते त्याच्या मुलांच्या नावामागे लागतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत त्यांच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येतं. सगळं एका दमात म्हणून पाहावं.

आणि घाई नको. नावाशिवायही जन्माची नोंद होते. पुढचे बारा महिने नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. बारशाला आत्या कानात जे नाव सांगेल ते चार-सहा महिने घरात वापरून पाहा आणि मगच दाखल्यावर चढवा.