विश्लेषण : खिशातला चाकू निवडताना काय पाहावे?

पार्सलची चिकटपट्टी, चष्म्याचा सैल स्क्रू, शर्टाचा लोंबणारा दोरा. अशा किरकोळ कामांसाठी कधी दात वापरले जातात, कधी घराची किल्ली. त्यापेक्षा खिशात मावणारा चाकू किंवा कीचेनला अडकवलेले छोटे अवजार सोयीचे. पण ते कसे निवडावे आणि जवळ बाळगता येते का?

सुरुवात कुठून करावी?

चाकूपासून नव्हे, कामापासून. आठवडाभरात काय काय कापावे, उघडावे किंवा पिळावे लागले, ते आठवा. शहरात राहणाऱ्यांना लांब पात्यापेक्षा कात्री आणि स्क्रूड्रायव्हर जास्त लागतात. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचे ‘क्लासिक एसडी’ हे मॉडेल मिटल्यावर जेमतेम ५८ मिलिमीटरचे असते. त्यात छोटे पाते, कात्री, नखांची कानस, तिच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर, चिमटा आणि दातकोरणे असते. ट्रेकला फळे, दोरी कापायची असेल, तर याच कंपनीचे ९१ मिलिमीटरचे चाकू हातात नीट बसतात.

लॉक हवे का?

साध्या चाकूचे पाते फक्त स्प्रिंगच्या ताणावर उघडे राहते. टोकाने भोक पाडताना ते बोटांवर मिटू शकते. जोर लावायची कामे असतील तर लॉक असलेला घ्यावा. खटका दाबताच उघडणारा चाकू मात्र टाळावा. रोजच्या कामात त्याचा वेगळा फायदा नाही आणि तपासणीत संशय आधी त्याच्यावरच येतो.

पोलाद कोणते?

कार्बन स्टीलला धार पटकन लावता येते, पण लिंबू कापून तसेच ठेवले की डाग पडतात आणि कोकणातल्या दमट हवेत गंज चढतो. निगा राखायला वेळ नसेल तर स्टेनलेस बरे.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामांसाठी बनवलेले चाकू त्यातून वगळले आहेत. म्हणून छोटा चाकू कुठेही, केव्हाही चालतो असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार पोलीस मनाई आदेश काढू शकतात आणि त्यात चाकू, काठ्या बाळगण्यावरही बंदी घालता येते. असा आदेश असताना चाकू घरीच ठेवावा.

प्रवासात काय?

विमानाच्या केबिन बॅगेत चाकू चालत नाही, तो चेक-इन सामानात ठेवावा. गोची होते ती कीचेनवाल्यांची. चाकू जुडग्यात आहे हे लक्षातच राहत नाही आणि तो विमानतळावर सोडून द्यावा लागतो. त्यासाठी तो चटकन निघणाऱ्या हुकात अडकवावा. नेलकटरला जोडलेले छोटे पातेही आठवणीने पाहावे.

अशा निर्बंधांची दखल उत्पादकांनीही घेतली आहे. पाते नसलेल्या अवजारांवर काम सुरू असल्याचे व्हिक्टोरिनॉक्सने २०२४ मध्ये सांगितले. रोज मेट्रो, मॉल किंवा न्यायालयाच्या दारात तपासणी होत असेल, तर कात्री-स्क्रूड्रायव्हरचे बिनपात्याचे अवजार घ्यावे. तिथेही कात्रीबाबत काय नियम आहे, हे आधी विचारून घेतलेले बरे.