उड्डाण क्रमांक ४०१ आणि त्याची भुते

भुताला सामान्यतः एखादी जागा लागते. पडका वाडा, आडबाजूची विहीर, वेशीबाहेरचा पिंपळ अशा ठिकाणीच लोककथा त्याला वसवितात. अमेरिकेतील ईस्टर्न एअरलाइन्स या विमान कंपनीत १९७३ नंतर जी दंतकथा पसरली, तिच्यातील भुतांना मात्र असे ठिकाण नव्हते. ती यंत्राच्या सुट्या भागांबरोबर एका विमानातून दुसऱ्या विमानात गेली, असे सांगितले जाई.

दंतकथेच्या मुळाशी असलेली दुर्घटना पूर्णपणे खरी आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री न्यूयॉर्कहून मायामीस निघालेल्या उड्डाण क्रमांक ४०१ मध्ये १७६ माणसे होती. विमान लॉकहीड कंपनीचे ट्रायस्टार, जेमतेम चार महिन्यांपूर्वी सेवेत आलेले. मायामीस उतरण्याच्या वेळी पुढचे चाक खाली येऊन पक्के बसल्याची खूण देणारा हिरवा दिवा लागला नाही. तेव्हा कॅप्टन रॉबर्ट लॉफ्ट यांनी विमान पुन्हा वर घेतले आणि २,००० फुटांवर ते स्वयंचलित नियंत्रकाच्या हवाली केले. सहवैमानिक दिव्याची खटपट करू लागले. उड्डाण अभियंता डॉन रेपो यांना, चाक डोळ्यांनी दिसते का हे पाहण्यासाठी, वैमानिक कक्षाखालच्या अरुंद कप्प्यात उतरण्यास सांगण्यात आले.

या गडबडीत नियंत्रण दांड्यावर नकळत दाब पडला असावा आणि उंची कायम राखणारी यंत्रणा सुटली असावी, असा तपासातील निष्कर्ष आहे. विमान इतके हळूहळू खाली येऊ लागले की कोणास ते जाणवले नाही. ठरलेली उंची ढळताच इशाऱ्याचा नाद झाला. पण तो झाला अभियंत्याच्या आसनापाशी, आणि ते आसन त्या क्षणी रिकामे होते. बाहेर एव्हरग्लेड्सचा दलदलीचा प्रदेश पसरलेला. खाली एकही दिवा नाही. रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी विमान त्या दलदलीवर आदळले. १०१ माणसे मृत्युमुखी पडली, ७५ वाचली. लॉफ्ट यांचा अवशेषांतच अंत झाला; रेपो जिवंत सापडले, पण पुढे रुग्णालयात वारले. चाक खाली येऊन आपल्या जागी नीट बसलेले होते. बिघडले होते ते फक्त दिव्यातील दोन बल्ब.

काही महिन्यांतच कुजबुज सुरू झाली. अवशेषांतील धडधाकट भाग कंपनीच्या दुसऱ्या ट्रायस्टार विमानांत, विशेषतः ३१८ क्रमांकाच्या विमानात, बसविले आहेत आणि त्या विमानांत लॉफ्ट व रेपो दिसतात, असे लोक सांगू लागले. पहिल्या वर्गात गणवेशातील एक कॅप्टन निमूट बसलेला आढळतो, हवाई सेविकेच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, आणि कोणी त्याला ओळखताच आसन रिकामे होते. उड्डाणापूर्वीच्या तपासणीसाठी अभियंता येतो, तर आसनावर आधीच बसलेला कोणी त्याला सांगतो की तपासणी झालेली आहे. या विमानांचे स्वयंपाकघर प्रवासी कक्षाच्या खाली होते आणि तेथे लहान पाळण्यातून उतरावे लागे. तेथल्या भट्टीच्या काचेत रेपो यांचा चेहरा दिसला व त्याने आगीविषयी सावध केले, ही कथा तर सर्वांत प्रसिद्ध आहे.

लेखक जॉन फुलर यांनी १९७६ मध्ये या कथांवर पुस्तक लिहिले. माहिती मिळविण्यासाठी त्यांनी परलोकाशी संपर्क साधल्याचा दावा करणाऱ्या माध्यमांचीही मदत घेतली. यावरून त्यांच्या पद्धतीची कल्पना यावी. १९७८ मध्ये पुस्तकावरून दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाला. कंपनीचे प्रमुख फ्रँक बोरमन हे १९६८ मध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले अंतराळवीर. त्यांनी या साऱ्या कथांची केरकचरा म्हणून संभावना केली. विमानविषयक लेखक रॉबर्ट सर्लिंग यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कंपनीच्या इतिहासात, अवशेषांचे भाग दुसऱ्या विमानांत बसविल्याची गोष्टच मुळी खोटी असल्याचे नमूद केले. तसे असेल, तर भुतांचे वाहनच नाहीसे होते.

तरीही ही कथा पसरली, कारण ती कोणी उगाच रचलेली भयकथा नव्हती. तिच्यातील भुते कोणाला छळत नाहीत, सूड घेत नाहीत. ती आगीची सूचना देतात, यंत्रे तपासतात. अपुरी इच्छा राहिलेला आत्मा घुटमळतो, ही समजूत आपल्याकडेही आहे. येथे अपुरे राहिले होते ते कर्तव्य. अखेरच्या चार मिनिटांत उपकरणांकडे कोणाचेच लक्ष नव्हते, असा ठपका अधिकृत अहवालाने १९७३ मध्ये ठेवला होता; दंतकथेने त्या रिकाम्या आसनावर रेपो यांना पुन्हा आणून बसविले. रोज त्याच जातीच्या विमानांतून जाणाऱ्या सहकाऱ्यांना अहवालापेक्षा ही गोष्ट अधिक सोसवत असली पाहिजे. दक्षतेची प्रत्यक्ष व्यवस्था मात्र वेगळ्या मार्गाने झाली. ही आणि अशा आणखी काही दुर्घटना ध्यानात घेऊन १९७९ मध्ये नासाने एक परिषद भरविली. कक्षातील माणसांनी कामे कशी वाटून घ्यावीत, कनिष्ठाने वरिष्ठाला निःसंकोच कसे टोकावे आणि अडचण कोणतीही असो, विमान चालविण्याकडे एकाने तरी लक्ष कसे ठेवावे, याचे शिक्षण त्यानंतर वैमानिकांना रीतसर मिळू लागले.

या कथांची झळ एका घराला मात्र प्रत्यक्ष लागली. आपल्या माणसाला भूत म्हणून बाजारात आणले, अशी कॅप्टन लॉफ्ट यांच्या पत्नीची व मुलांची भावना होती. त्यांनी फुलर यांच्याविरुद्ध फिर्याद केली. मृत व्यक्तीच्या खासगीपणाच्या भंगाबद्दल नातेवाइकांना दाद मागता येत नाही, या तत्त्वास अनुसरून ती फेटाळली गेली, आणि १९८१ मध्ये फ्लॉरिडाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला.