अल्पखर्ची हलक्या लॅपटॉपवर लिनक्सची स्थापना : ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने एक विवेचन
(विशेष संदर्भ : वाशिम जिल्हा)

गोषवारा :
विंडोज १० या प्रणालीचा नियमित सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. त्यामुळे महाविद्यालयांतील अनेक अल्पखर्ची लॅपटॉप चालू स्थितीत असूनही निकामी ठरण्याची वेळ आली आहे. अशा यंत्रांवर लिनक्स कसे बसवावे, त्याआधी काय तपासावे आणि मराठी लेखनाच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. प्रत्यक्ष स्थापना हे अल्पावधीचे काम आहे. तिच्या आधीची पडताळणी आणि नंतरची जबाबदारी यांवर तिचे यश अवलंबून असते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, वितरण, अल्पखर्ची लॅपटॉप, युनिकोड, इन्स्क्रिप्ट, निर्लेखन.

प्रस्तावना :
अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके होत. केंद्र शासनाने २०१८ मध्ये या जिल्ह्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत केला. जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. अशा महाविद्यालयांत संगणक-खरेदी ही वरचेवर होणारी गोष्ट नव्हे. एकदा आलेले यंत्र जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते आणि त्याच्याकडून दीर्घ काळ काम घ्यावे लागते.

या पार्श्वभूमीवर विंडोज ११ च्या अटी पाहाव्यात. या प्रणालीस किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक आहे. दहा वर्षांपूर्वी अल्प किमतीत विकल्या गेलेल्या हलक्या लॅपटॉपांपैकी बहुतेकांना या अटी पूर्ण करता येत नाहीत. मग प्राध्यापकांपुढे तीन पर्याय उरतात : सुरक्षा-दुरुस्तीविना जुनी प्रणाली वापरत राहणे, यंत्राचे निर्लेखन करणे अथवा त्यावर दुसरी प्रणाली बसविणे. यांपैकी तिसऱ्या पर्यायाचा विचार येथे केला आहे.

लिनक्स आणि वितरण :
फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा सिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधने त्यास जोडली गेली आणि वापरण्याजोगी संपूर्ण प्रणाली आकारास आली. गाभा, साधने, पडद्यावरील मांडणी आणि उपयोजने यांची एकत्र बांधणी करून जो संच दिला जातो, त्यास ‘वितरण’ म्हणतात. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट ही परिचित वितरणे होत. आपल्या देशात सी-डॅकने ‘बॉस’ नावाचे वितरण भारतीय भाषांच्या सोयीसह विकसित केले. या प्रणाली प्रत काढण्यास, वाटण्यास व बदलण्यास मुक्त असल्याने परवाना-शुल्काचा प्रश्न येत नाही. केंद्र शासनानेही २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले.

हलका लॅपटॉप आणि लिनक्स यांचा पूर्वसंबंध :
हलक्या, स्वस्त लॅपटॉपचा आरंभ बऱ्याच अंशी लिनक्ससहच झाला. २००७ मध्ये बाजारात आलेल्या आसुसच्या ‘ई पीसी ७०१’ या यंत्रात सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम आणि केवळ ४ जीबी साठवण होती, आणि ते लिनक्ससह मिळत असे. त्याच वर्षी महाराष्ट्रातही एक उल्लेखनीय प्रयोग झाला. रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा वस्तीच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती देण्यात आले. त्या यंत्राची रॅम २५६ एमबी आणि साठवण १ जीबी होती. त्यावर फेडोरा या लिनक्स वितरणावर आधारलेली प्रणाली चालत असे. यंत्र आणि प्रणाली एकमेकांच्या मापाने घडविली, तर अल्प साधनांतही काम होते, हे त्यातून दिसले.

पुढील काळात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर आधीच बसविलेला अल्पखर्ची लॅपटॉप पुढे आणला. मात्र सर्वसाधारण बाजारातील स्वस्त लॅपटॉप बहुधा विंडोजसहच येत राहिले. २०१६ मध्ये दहा हजार रुपयांच्या आसपास विकला गेलेला आयबॉलचा ‘कॉम्पबुक’ हे त्या वर्गाचे प्रातिनिधिक उदाहरण होय. त्यात इंटेल ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण होती. एवढ्या साठवणीत विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणास मोकळी जागा अपुरी पडते. यंत्र मंदावते आणि ‘खराब झाले’ असा शेरा त्याच्या कपाळी येतो. वास्तविक यंत्र बिघडलेले नसते. प्रणालीचा भार त्याच्या मापाबाहेर गेलेला असतो.

स्थापनेपूर्वीची पडताळणी :
(अ) प्रोसेसर : यंत्र ३२-बिट आहे की ६४-बिट, हे प्रथम पाहावे. डेबियन १३ या २०२५ मधील आवृत्तीपासून ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी स्थापक देणे बंद झाले आहे. गूगल क्रोमने ३२-बिट लिनक्सचा पुरवठा २०१६ मध्येच थांबविला. त्यामुळे निव्वळ ३२-बिट यंत्रावर फार आशा ठेवू नये.

(आ) फर्मवेअर : येथे एक फसवी बाब आहे. वर उल्लेखिलेल्या ॲटम वर्गातील अनेक यंत्रांत प्रोसेसर ६४-बिट, परंतु यंत्र सुरू करणारे यूईएफआय फर्मवेअर ३२-बिट असते. अशा यंत्रास काही वितरणांचा पेनड्राइव्ह दिसतच नाही आणि ‘या लॅपटॉपवर लिनक्स चालत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. डेबियनच्या स्थापकात या मिश्र रचनेची सोय आहे.

(इ) रॅम व साठवण : २ जीबी रॅम असल्यास एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही हलकी पडदा-मांडणी निवडावी. साठवण ३२ जीबी असल्यास दोन प्रणाली शेजारी-शेजारी ठेवण्याचा मोह टाळावा.

(ई) माहितीची प्रत : प्रश्नपत्रिका, उपस्थितीपत्रके, शोधनिबंध, छायाचित्रे या सर्वांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

स्थापनेची प्रक्रिया :
निवडलेल्या वितरणाची आयएसओ फाइल त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. फाइल मोठी असल्याने खंडित जोडणीत ती अपुरी उतरण्याचा संभव असतो. म्हणून संकेतस्थळावर दिलेली एसएचए-२५६ ही तपासणी-संख्या आपल्या फाइलशी ताडून पाहावी. नंतर रुफस किंवा एचर यांसारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी. फाइल नेहमीप्रमाणे पेनड्राइव्हवर केवळ डकविल्यास यंत्र त्यावरून सुरू होईलच असे नाही, आणि पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर या क्रियेत पुसला जातो, हे ध्यानात असावे.

लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९, एस्केप यांपैकी कंपनीने ठरविलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. बहुतेक वितरणे येथे ‘लाइव्ह’ पद्धतीची सोय देतात, म्हणजे आतील डिस्कला स्पर्श न करता प्रणाली चालवून पाहता येते. हा टप्पा सर्वांत मोलाचा आहे. वायफाय, ध्वनी, टचपॅड, पडद्याचा उजेड आणि झाकण मिटल्यावर यंत्राचे निद्रिस्त होणे या पाच बाबी येथेच तपासाव्यात. स्वस्त लॅपटॉपांतील वायफाय चिपला कधी स्वतंत्र फर्मवेअर लागते. डेबियनने २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर स्थापकातच समाविष्ट केल्याने ही अडचण बरीच कमी झाली आहे. लाइव्ह पद्धतीत वायफाय चालले नाही, तर उपाय सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

चाचणी समाधानकारक झाल्यावर स्थापक सुरू करावा. भाषा, वेळ-विभाग व कळफलक निवडल्यावर डिस्क-विभाजनाचा टप्पा येतो. संपूर्ण डिस्क लिनक्सला देण्याचा पर्याय निवडल्यास यूईएफआयसाठी लहान विभाग आणि ईएक्सटी४ पद्धतीचा मुख्य विभाग आपोआप तयार होतो. या क्षणानंतर जुना मजकूर परत मिळण्याची आशा नाही. वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द दिल्यावर उर्वरित काम स्थापक स्वतः पूर्ण करतो. अल्प रॅमच्या यंत्रांत नंतर ‘झेडरॅम’ ही सोय सुरू करावी. तिच्यामुळे रॅममधील मजकूर आकसून ठेवला जातो आणि संथ साठवणीवरील भार हलका होतो.

मराठी लेखनाचा प्रश्न :
महाविद्यालयीन प्राध्यापकांची खरी अडचण येथे उद्भवते. अनेकांचे वर्षानुवर्षांचे लेखन कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटपद्धतीत आहे. या पद्धतीत संगणक मराठी अक्षर साठवीत नाही. तो रोमन अक्षर साठवितो आणि फाँट त्यास देवनागरीचे रूप देतो. कृतिदेवमध्ये ‘कमल’ हा शब्द संगणकाच्या लेखी डी, ई, वाय अशी तीन रोमन अक्षरे असतो. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निरर्थक रोमन मजकूर दिसतो आणि लिनक्सने फाइल बिघडविली, असा समज होतो. दोष प्रणालीचा नसून साठवणुकीच्या पद्धतीचा आहे.

म्हणून जुनी प्रणाली पुसण्यापूर्वीच असे सर्व लेखन परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावे आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा डोळ्यांखालून घालाव्यात, कारण परिवर्तनात नेमक्या याच ठिकाणी चुका होतात. लिनक्सवर लोहित, नोटो यांसारखे मुक्त देवनागरी फाँट उपलब्ध आहेत. टंकलेखनासाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएससीआयआय मानकासोबत स्वीकारलेला इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. त्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. उच्चारानुसारी टंकनाची सोयही आयबस या साधनातून करता येते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली समाविष्ट झाले. त्यापूर्वीच्या फाँटांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते, हेही लक्षात ठेवावे.

मर्यादा :
लिनक्स सर्वच कामांस पुरे पडते, असा दावा करणे उचित नाही. इन्फ्लिबनेटचे ‘सोल’ हे ग्रंथालय-सॉफ्टवेअर विंडोजवर आधारलेले आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि काही जुने प्रिंटर यांना लिनक्सचे चालक मिळतातच असे नाही. म्हणून कार्यालय व ग्रंथालय येथील मुख्य संगणक या प्रयोगात घेऊ नयेत. २ जीबी रॅमचे यंत्र लिनक्सनेही नवे होत नाही. ब्राउझरमध्ये अनेक पाने उघडल्यास ते अडखळणारच. लिब्रे ऑफिसमधील लेखन, सादरीकरण, ई-ग्रंथवाचन आणि प्राथमिक प्रोग्रॅमिंग हे त्याचे योग्य क्षेत्र होय. प्रशिक्षणासाठी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील मराठी ध्वनीसह असलेले पाठ उपयुक्त आहेत.

त्याहून मोठी मर्यादा मानवी आहे. एखादा उत्साही प्राध्यापक प्रणाली बसवितो, त्याची बदली होते किंवा त्याचे कंत्राट संपते आणि परवलीचा शब्दही कोणास ठाऊक नसतो. असे यंत्र पुन्हा कपाटात जाते. म्हणून केलेल्या कामाची नोंद यंत्रनिहाय लिहून ठेवणे आणि किमान दोघांना प्रक्रिया शिकविणे अत्यावश्यक आहे.

निष्कर्ष :
१. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे यंत्र निकामी आहे, असे गृहीत धरून त्याचे निर्लेखन करू नये. लाइव्ह पद्धतीने चाचणी घेऊन मगच निर्णय करावा.
२. प्रोसेसर, फर्मवेअर व वायफाय यांची पूर्वतपासणी झाल्यास स्थापनेतील बहुतेक अडचणी टळतात.
३. मराठी लेखनाचे युनिकोडमध्ये परिवर्तन ही स्थापनेची पूर्वअट मानावी.
४. प्रथम एकाच लॅपटॉपवर प्रणाली बसवून एक सत्रभर वापरावी आणि त्या अनुभवाची नोंद महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवून पुढील यंत्रांचा विचार करावा.
५. चाचणीअंती खरोखर निरुपयोगी ठरलेली यंत्रे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच द्यावीत.

वाशिमसारख्या जिल्ह्यात विद्यार्थ्याच्या हाती येणारा पहिला संगणक अनेकदा महाविद्यालयाचाच असतो. त्यामुळे कपाटातील एक लॅपटॉप पुन्हा चालू होणे, ही लहान वाटली तरी उपेक्षणीय बाब नाही.