टाके निघाल्यावर

लेखमाला : घरचे चौपाये, भाग सातवा

मागच्या भागात आपण मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेपर्यंत आलो होतो. प्लेट बसली, जखम भरली, दहा-बारा दिवसांनी टाकेही निघाले. त्या दिवशी दवाखान्यातून परतताना बहुतेकांच्या मनात एकच विचार असतो, की आता कुत्र्याला कोपऱ्यात बांधून ठेवू, महिनाभरात आपोआप चालू लागेल. आज मला लिहायचं आहे ते या विचाराविरुद्ध. उत्तम झालेली शस्त्रक्रिया वाया जाते ती याच महिन्यात.

सर्वांत मोठा धोका पिल्लांना असतो. रायपूरच्या जीई रोडवर किंवा रिंग रोडवर गाडीची धडक बसलेलं चार-पाच महिन्यांचं पिल्लू डोळ्यांपुढे आणा. मांडीचं हाड गुडघ्याजवळ मोडलेलं. पाय ताणून पट्टीत गच्च बांधून ठेवला, तर हाड सांधताना त्याभोवती जो नवा भर तयार होतो त्याला मांडीचा पुढचा स्नायू चिकटतो, आखूड होतो आणि गुडघा वाकेनासा होतो. याला महिने लागत नाहीत, दोन-तीन आठवडे पुरतात. एक्स-रेमध्ये हाड सुरेख जुळलेलं दिसतं आणि पाय मात्र काठीसारखा ताठ राहतो. एकदा ही वेळ आली की मागे फिरणं फार अवघड. कित्येकदा तो पाय काढावाच लागतो. म्हणून पिल्लाच्या मांडीची शस्त्रक्रिया झाली, की सांधा कधीपासून हलवायचा हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. टाके निघेपर्यंत थांबू नका.

हलवायचं कसं, ते नीट सांगतो. जनावराला जाड गोधडीवर कुशीवर निजवा, दुखरा पाय वर. एका तळहाताने मांडीला खालून आधार द्या, दुसऱ्या हाताने घोट्याच्या वर धरा. पंजा धरून ओढायचं नाही. पाय जमिनीला समांतर ठेवून गुडघा सावकाश वाकवा, जिथे अडेल तिथे क्षणभर थांबा, मग तितक्याच सावकाश सरळ करा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. डोळे त्याच्या तोंडाकडे हवेत. ओठ चाटणं, मान झटकन वळवणं, श्वास रोखणं यातलं काहीही दिसलं की मर्यादा आली. धडधाकट लॅब्रॅडॉरचा गुडघा वाकून सुमारे 42 अंशांपर्यंत येतो आणि सुमारे 162 अंशांपर्यंत उघडतो. घरी कोन मोजता येत नाही, पण चांगल्या पायाशी तुलना करता येते. शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर दर आठवड्याला एकाच जागी मोजून लिहून ठेवा. दुखऱ्या मांडीचा घेर चांगल्या मांडीच्या घेराकडे सरकतोय का, एवढंच बघायचं.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत सूज असते तेव्हा कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावतात. गरम शेक नंतरचा, सूज आणि ऊब उतरल्यावर, व्यायामाच्या आधी.

आता फरशी. आपल्या घरांतली गुळगुळीत टाइल म्हणजे नुकतंच उभं राहणाऱ्या जनावराची वैरीण. एकदा मागचे पाय फाकून पडलं, की ते पाय टेकायलाच घाबरतं. महागड्या मॅटची गरज नाही. धानाच्या या मुलखात बारदाना कुठेही मिळतो. जुनी ज्यूटची पोती उसवा, धुवा, वाळवा आणि झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत सलग पट्टा अंथरा. कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. पावसाळ्यात ओल्या पायांनी आत येणाऱ्या कुत्र्याला तर हा पट्टा हवाच. पोटाखालून आधार द्यायला गमछा पुरतो. मागच्या मांड्यांच्या पुढे, पोटाखालून काढून दोन्ही टोकं वर धरायची आणि तोल जाईल तेव्हाच उचलायचं. सतत उचलून धरलं तर पाय कामच करत नाहीत.

चालणं हे खरं औषध. पण ते हळू हवं. वेगात निघालं की कुत्रं तीन पायांवर उड्या मारत जातं आणि चौथा पाय हवेत राहतो. आपण पट्टा आखूड धरून अगदी संथ चाललो, की तो पाय टेकावाच लागतो. पहिले दोन आठवडे दिवसातून तीन-चारदा पाच मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत जायचं. धावणं, जिना, सोफ्यावरून उडी हे सगळं पुढच्या एक्स-रेनंतर. मोठ्या कुत्र्याचं हाड भरायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून उठ-बस करवून घ्या. भिंतीच्या कडेला बसवा, दुखरा पाय भिंतीकडे, म्हणजे तो बाहेर फेकून बसता येत नाही. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा सूर्य वर यायच्या आत फेरी उरकायला हवी. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवा. आपल्याला सोसवत नसेल तर त्या पंजांनाही सोसणार नाही.

मोठ्या शहरांत पाण्यातली ट्रेडमिल असते. पाणी गुडघ्यापर्यंत असलं तर पायांवर शरीराच्या वजनाचा 85 टक्के भार राहतो, कमरेपर्यंत असलं तर 38 टक्केच. दुखरा पाय भार सोसायला शिकतो तो या उतरलेल्या भारामुळे. यंत्र चांगलं आहे, परवडलं तर जरूर वापरा. पण आठवड्यातून एकदा यंत्र आणि बाकीचे दिवस साखळी, याने काही साधत नाही. यंत्र नाही म्हणून बूढा तालाबात कुत्रं पोहायला सोडू नका, जखम ओली असताना तर मुळीच नाही. गुंतागुंतीचा रुग्ण असेल तर दुर्गच्या पुढे अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथलं कामधेनू विद्यापीठ 2012 सालचं. ज्यांचे नातेवाईक नागपूरला आहेत त्यांना 1958 पासूनचं तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय ठाऊक असेलच.

पाठीच्या मणक्याची गोष्ट वेगळी. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यातली चकती सरकते आणि मागचे पाय जातात. डॉक्टर मागच्या पायाचं बोट जोरात दाबतात तेव्हा पाय आखडला म्हणून घरचे सुखावतात. पण ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. त्याने मान वळवून बघितलं, कण्हलं किंवा चावायला आलं, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचली. ही संवेदना शाबूत असेल तर आशा खूप असते. ती गेली असली तरी वेळेत शस्त्रक्रिया झाल्यास साधारण निम्मी कुत्री पुन्हा चालतात. मधल्या काळात दिवसातून तीनदा मूत्राशय हाताने दाबून रिकामं करायचं असतं. ते पुस्तकात वाचून जमत नाही, डॉक्टरांच्या हाताखाली शिकून घ्या. दर चार तासांनी कूस बदला, नाहीतर हाडांच्या उंचवट्यांवर जखमा होतात.

मांजराला यातलं बरंचसं लागू पडत नाही. पट्टा लावून संथ चालवणं विसरा. मोठा पिंजरा, जवळ कडा बुटक्या असलेला मातीचा ट्रे आणि दिवसातून चार-पाचदा तीन-तीन मिनिटं खेळ. दोरीला बांधलेलं पीस जमिनीलगत सरकवा म्हणजे ती पाय टेकून वळेल, उडी मारणार नाही. पुढे डॉक्टरांनी होकार दिला की वाटी पाटावर ठेवा, मग दोन पाटांवर. शेपटी फटकारायला लागली की तिथेच थांबा. जबरदस्ती केलेलं मांजर दुसऱ्या दिवशी पलंगाखालून बाहेर येत नाही.

वेदना असेल तर यातला एकही व्यायाम होत नाही, म्हणून वेदनाशामक हवंच, पण डॉक्टरांनी लिहिलेलं. घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठरात व्रण पाडते, मूत्रपिंड निकामी करते. मांजराला पॅरासिटॅमॉल तर विषच आहे. तिचं यकृत ते पचवू शकत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात. एका गोळीनेही जीव जातो. कुणी दयेपोटी गोळी दिलीच असेल तर हिरड्यांचा रंग बदलायची वाट बघू नका, गोळीचं पाकीट बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.