हा, ही, हें आणि इंग्रजी ‘धिस’

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. अकोल्याकडील एका खेड्यांतला मुलगा अमरावतीस माझ्या वर्गांत शिकत होता. एके दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. मुलानें उठून मोठ्या उत्साहानें इंग्रजींत ओळख करून दिली, “धीज आर माय फादर.” वर्ग हसला, आणि सांगावयास लाज वाटते, मीहि हसलों. त्या वर्षीं त्या मुलानें वर्गांत पुन्हा आपण होऊन इंग्रजी वाक्य उच्चारलें नाहीं.

पुढें विचार करतां कळलें कीं, त्याची चूक आदरांतून झाली होती. ‘हे माझे वडील’ यांतील आदरार्थी बहुवचन त्यानें इमानानें इंग्रजींत नेलें. इंग्रजी दर्शक शब्द आदर जाणत नाहीं. वडील एक, म्हणून तेथें ‘धिस’.

इंग्रजीचा नियम लहानसा आहे. जवळच्या एका वस्तूस ‘धिस’, अनेकांस ‘धीज’. दूरच्या एकीस ‘धॅट’, अनेकांस ‘धोज’. लिंगाचा प्रश्नच नाहीं. आमच्या संस्कृतांत तर ‘इदम्’, ‘एतद्’, ‘अदस्’ व ‘तद्’ अशा चार पायऱ्या आहेत: जवळचें, अगदीं जवळचें, दूरचें आणि दृष्टीआडचें. मग संस्कृत रूपें पाठ म्हणणारीं आपलीं मुलें ‘धिस बॉइज’ कां म्हणतात?

कारण मराठींतच आहे. ‘ही मुलगी’ आणि ‘हीं मुलें’, ‘हें घर’ आणि ‘हे घोडे’ यांतील दर्शक शब्द कानास सारखेच लागतात. वस्तु एक कीं अनेक, हें आपण पुढच्या नामावरून ओळखतों. पूर्वीं लेखनांत तरी अनुस्वार हा भेद दाखवी. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनंतर तोहि गेला. मी जुन्या वळणाचा म्हणून अजून देतों, इतकेंच. यास्तव मुलास प्रथम नामाचें वचन पाहावयास शिकवावें व मग दर्शक निवडावयास सांगावें. ‘धिस’मधील इकार ऱ्हस्व, ‘धीज’मधील दीर्घ, आणि त्याच्या अंतीं ‘आवाज’ शब्दांतल्यासारखा ज, हें त्याच्याकडून मोठ्यानें म्हणवून घ्यावें.

दुसरी चूक सुशिक्षित वडीलधाऱ्यांकडूनहि होते. ‘अकोल्याचा उन्हाळा अमरावतीपेक्षां कडक’ हें मराठींत चालतें. परंतु शब्दास शब्द ठेवून तें इंग्रजींत नेलें, तर उन्हाळ्याची तुलना गांवाशीं होते! तेथें ‘धॅन धॅट ऑफ अमरावती’ असेंच पाहिजे. हा ‘धॅट’ गाळलेल्या उन्हाळ्याचा प्रतिनिधि होय. ‘यंदाचीं संत्रीं गेल्या वर्षीपेक्षां गोड’ यांत संत्रीं अनेक, म्हणून ‘धॅन धोज ऑफ लास्ट इयर’.

एकत्र कुटुंबांत हा अभ्यास खेळासारखा होतो. दिवेलागणीनंतर मुलांस भोंवतीं बसवावें. जवळ एक वाटी व चार चमचे, पलीकडे एक तांब्या व चार पाट ठेवावे, आणि एकेकाकडून इंग्रजींत दाखवून घ्यावें. आठ दिवसांत फरक दिसेल.

मात्र एक पथ्य पाळावें. घरांतलें मूल आजोबांकडे बोट करून ‘धीज’ म्हणालें, तर कोणीं हसूं नये. त्याला जवळ घेऊन चूक सांगावी, आणि पुन्हा एकदां बोलावयास लावावें.