चिखलीची वेलांटी आणि संगणक

वाचकहो, ‘चिखली’ हे आपल्या तालुक्याचे नाव एकदा सावकाश उच्चारून पाहा. तोंडातून आधी च निघतो, मागाहून इकार. कागदावर मात्र वेलांटी च च्या अगोदर येऊन बसते. इंग्रजी संगणकास मराठी शिकविताना ही वेलांटीच आडवी आली, बरं का!

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या कारभाऱ्याचे नाव डॉस. खामगावच्या बाजारात शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या असतो, तद्वत कळफलक, पडदा, चकती आणि आपले काम यांच्यामधली देवघेव हा पाहतो. सिॲटलच्या टिम पॅटरसन यांनी १९८० साली तो मुळात लिहिला. मायक्रोसॉफ्टने विकत घेऊन आयबीएमला पुरविला. या डॉसचा पडदा म्हणजे चौकटीची वही: २५ ओळी, प्रत्येकीत ८० घरे, एका घरात एक अक्षर. अक्षरांना क्रमांक २५६, त्यांतील पहिल्या १२८ मध्ये इंग्रजीचा संसार आटोपतो. पण आपली वेलांटी मागे उडी घेते, उकार खाली लोंबतो, जोडाक्षर दोन घरांचे एक करते. ते या वहीत मावायचे कसे?

उत्तर आपल्याच देशात निघाले. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ नावाचे तंत्र सिद्ध केले. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि तेथे ते वाढीस लागले. युक्ती अशी की साठवताना शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवावयाचा: च, इकार, ख, ल, ईकार. पडद्यावर वेलांटी मागे नेऊन बसविण्याचे काम संगणकात खोचलेले जिस्ट कार्ड करी. डॉसला याचा पत्ताही नसे! इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम आहेत तसेच मराठीत चालू लागले. वरच्या १२८ जागांत बसविलेली ही ‘इस्की’ संकेतावली १९९१ साली भारतीय मानक झाली. क ला मराठीत, बंगालीत, कन्नडमध्ये क्रमांक एकच. त्यामुळे तीच नावांची यादी लिपी बदलून दाखविता येई. मला तरी यातले खरे शहाणपण कार्डापेक्षा या क्रमात दिसते.

पुढे विंडोज आले, कार्ड मागे पडले, आणि जो तो आपापला फाँट काढू लागला. प्रत्येकाचे क्रमांक निराळे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मराठी मजकुराचा नुसता चिवडा दिसे. इस्कीचा उच्चारक्रम मात्र युनिकोडने आधीच, १९९१ सालीच, उचलला होता. आज तुमच्या मोबाइलवर तोच चालतो.

तेव्हा शिक्षकांस एक सांगणे. शाळेच्या कपाटात त्या काळची स्मरणिका किंवा विद्यार्थ्यांच्या याद्या चकतीवर पडून असतील, तर टाकू नका. फाँटचे नाव कळले तर बहुधा मजकूर युनिकोडमध्ये उतरविता येतो. ज्यांनी टंकलेखन केले ते गावात असतील तोवर त्यांना नाव विचारून घ्या, आणि पाकिटावर लिहून ठेवा.