राजवाड्यातली शाळा

साताऱ्यात ‘राजवाडा’ म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला एसटीचा थांबा आणि संध्याकाळची चौपाटी आठवते. त्या गर्दीपासून हाकेच्या अंतरावर छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल आहे. जुन्या राजवाड्याच्या वास्तूत भरत आलेली ही शाळा आज जिल्हा परिषदेकडे आहे.

नावामागे इतिहासाची एक गंमतच आहे. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839 मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं. तिथेच 1847 मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं आणि 1851 मध्ये सरकारने साताऱ्यात इंग्रजी शाळा काढली. ती शाळा आज ओळखली जाते त्याच पदच्युत राजाच्या नावाने.

पण लोक इथे येतात ते हजेरीबुकासारख्या दिसणाऱ्या एका जुन्या रजिस्टरसाठी. 7 नोव्हेंबर 1900 रोजी इंग्रजी पहिलीत दाखल झालेल्या एका मुलाची नोंद त्यात 1914 या क्रमांकावर आहे : भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समोर त्या नऊ वर्षांच्या पोराची सही. शाळेने ही नोंद जिवापाड जपली आहे.

भिवाचे वडील सुभेदार रामजी सैन्यातून निवृत्त होऊन साताऱ्यात स्थिरावले होते. भिवाची आई भीमाबाई याच गावात वारली. शाळेतले दिवस कसे होते, हे बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे. मुलं वर्गात अभ्यासातल्या क्रमांकाप्रमाणे बसत. भिवाला मात्र नंबर कितवाही असो, जागा कोपऱ्यातच. बसायला वेगळं गोणपाट, आणि शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं, सकाळी पुन्हा आणायचं. नळ होता, पण त्याला स्वतः तो सोडायची मुभा नव्हती. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहानेलंच राहायचं. 1904 च्या सुमारास कुटुंब मुंबईला गेलं आणि भिवाची इथली शाळा संपली.

या शाळाप्रवेशाचं महत्त्व सातारकरांनी आधी ओळखलं. कार्यकर्त्यांनी इथे 7 नोव्हेंबर साजरा करायला सुरुवात केली, पाठपुरावा केला, आणि 2017 मध्ये राज्य सरकारने हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला. त्या दिवशी शाळेत माणसांची रीघ लागते. राज्यभरच्या शाळांत भाषणं, निबंधस्पर्धा होतात. माझं म्हणणं, निबंधाला विषय द्यायचाच तर त्या गोणपाटाचा द्यावा. थोरवीवर पोरं पाठ केलेलं लिहितात. रोज दप्तराबरोबर ते ओझं कोण वाहत होतं आणि का, हे लिहायचं तर घरी कुणाला तरी विचारावं लागेल.

साताऱ्याला गेलात तर चौपाटीवर जाण्याआधी इकडे या. मात्र आधी कार्यालयात विचारा. ही शाळा आहे, आणि आत तास चालू असतात.